‘मग त्या बाईला काय कमी होतं?’ : ‘हिरुगाओ’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. त्याच वेळी उत्तर लिहिलं असतं तर तोंडून भलतंसलतं गेलं असतं, म्हणून दोन दिवस थांबले. राग मात्र गेलेला नाही, ते आधीच सांगते.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात. ‘हिरुगाओ’ या जपानी मालिकेवर मी लिहिलं होतं. लग्न झालेली सावा आणि लग्न झालेला कितानो यांच्या विवाहबाह्य संबंधाची ती गोष्ट. ‘एक वाचक’ या नावाने आलेल्या या महोदयांचं म्हणणं असं, की मी व्यभिचाराचे गोडवे गाते. असल्या मालिकांनीच संसार मोडतात. प्रियकराच्या बायकोच्या, म्हणजे नोरिकोच्या दुःखाची मी बोळवण केली. मालिकेचे भाग 12 नाहीत, 11 आहेत. माझ्यावर वेळ आली असती तर माझी लेखणी अशी चालली नसती. आणि शेवटी, माझ्या मुलीवर घरात काय संस्कार होत असतील देव जाणे. या सगळ्याच्या मधोमध एक वाक्य आहे: ‘नवरा पीत नाही, हात उगारत नाही, पगार घरी आणतो, मग त्या बाईला काय कमी होतं?’

भाग 11च आहेत. 17 जुलै ते 25 सप्टेंबर 2014, दर गुरुवारी रात्री 10 वाजता फुजी टीव्हीवर. चूक माझी, लेखात दुरुस्त केली आहे आणि त्याबद्दल तुमचे मनापासून आभार.

आता तुमच्या भाषेबद्दल. वीस ओळींत तीनदा ‘अहो बाई’ आहे. मी नऊ वर्षं लिहितेय, खाली माझं नाव असतं. मतभेद मला नवे नाहीत, लोकांनी माझे लेख अक्षरशः सोलून काढलेत आणि मी त्यांना धन्यवाद दिलेत. पण हाच लेख एखाद्या पुरुषाने लिहिला असता तर तुम्ही त्याच्या मुलाचे संस्कार काढले असते का? ‘सर, तुमच्याशी सहमत नाही’ म्हणून गप्प बसला असतात. बाईने विवाहबाह्य संबंधांवर चार ओळी लिहिल्या की लगेच तिच्या घरात डोकावायचं, ही सवय कुठून येते? तुम्ही मालिका पाहिलेली नाही, हेही तुमच्या ओळीओळीतून दिसतं. भागांची संख्या कुठेही मिळते.

पाहिली असती तर ते वाक्य लिहिलं नसतं. सावा (उएतो आया हिने केलेली) एकतीस वर्षांची आहे, सुपरमार्केटमध्ये पार्ट-टाइम काम करते. नवरा शुन्सुके खरंच पीत नाही, खरंच मारत नाही. त्यांना मूल नाही, घरात हॅमस्टर पाळलेत, आणि त्या हॅमस्टरांवरून हे दोघं एकमेकांना ‘पापा’ आणि ‘मामा’ म्हणतात. मामा म्हणजे आई. नवरा-बायकोसारखं एकत्र झोपणं कधीचंच बंद झालंय. पहिल्याच भागात ही बाई एक लिपस्टिक चोरते. पगारदार नवऱ्याची कमावती बायको, घेता आली असती विकत. काय कमी होतं, याचं उत्तर लेखिका इनोउए युमिको हिने तिथेच देऊन ठेवलंय. त्या चोरीवरूनच श्रीमंत शेजारीण रिकाको तिला कोंडीत पकडते आणि आपल्या भानगडीत खोटी साक्ष द्यायला लावते. पुढची सगळी घसरण तिथून सुरू होते.

ही कमी मी पुस्तकात वाचलेली नाही. 2011 ते 2017 आम्ही तोक्योच्या निशी-कासाई भागात राहत होतो. डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नवऱ्यावर अवलंबून म्हणून मिळालेल्या व्हिसावर, परवानगी काढली की आठवड्याला 28 तास काम करता येतं. मी एका सुपरमार्केटच्या तयार पदार्थांच्या विभागात कोरोक्के (बटाट्याचे जपानी कटलेट) तळायला जायचे. सकाळी नऊला केसांवर जाळी, त्यावर टोपी, तोंडावर मास्क, फक्त डोळे उघडे. आम्ही सहाजणी होतो, मी सोडून सगळ्या जपानी आणि सगळ्या कोणाच्या तरी बायका. दिवाळीच्या सुमारास यांची बोटं मोजायला लागायची, कारण तेव्हा वर्षाची कमाई 10 लाख 30 हजार येनच्या वर गेली की नवऱ्याची करसवलत हलायची. मग कोणी नोव्हेंबरात कामाच्या पाळ्या कमी करून घ्यायची, कोणी डिसेंबरात घरीच बसायची. जास्त कमावण्याची भीती बाळगून काम करणाऱ्या बायका मी तिथे पहिल्यांदा पाहिल्या.

त्यातल्या एकीशी माझं जमलं. पन्नाशीची असेल. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने छातीवरचा नावाचा बिल्ला काढला, एप्रनच्या टोकाने त्यावरचा तेलाचा डाग पुसला आणि म्हणाली, ‘मला नावाने हाक मारतात ती फक्त इथे. घरी मी आई, नाहीतर नुसतंच ए.’ बिल्ल्यावर होतं काय? आडनाव. तेही नवऱ्याचं. जपानी कायद्याप्रमाणे नवरा-बायकोला एकच आडनाव लावावं लागतं, आणि बहुतेक जोडप्यांत ते नवऱ्याचंच असतं. तिचा नवराही पीत नव्हता. रात्री साडेदहाला यायचा, जेवण गरम करून घ्यायचा, झोपायचा. तिने काही भानगड केली नाही. ती दुपारी दोनला सुटायची, घरी जाऊन वाळलेले कपडे आत घ्यायची आणि मग, तिच्याच शब्दांत, ‘तीन वाजायचे’. मालिकेच्या पूर्ण नावात आठवड्याच्या कामाच्या दिवसांतले दुपारचे तीन आहेत, ते उगाच नाहीत. त्या घड्याळात काय असतं ते मला या बाईने सांगितलं, टीव्हीने नाही.

आपल्याकडेही नवरा निवडताना हाच हिशोब होतो, महोदय. पीत नाही ना? मारत नाही ना? पगार देतो ना? झालं, मुलीचं कल्याण झालं! माझ्या आईच्या पिढीने याच तीन प्रश्नांवर सगळं आयुष्य काढलं. ती तुम्हाला सुखी वाटत असेल तर तुम्ही तिला विचारलेलं नाही.

म्हणून सावाने केलं ते बरोबर? मी असं कुठे लिहिलंय, ते वाक्य दाखवा. मालिकासुद्धा तसं म्हणत नाही. शेवटी सगळे समोरासमोर बसतात, पुन्हा कधी भेटणार नाही, संपर्क ठेवणार नाही असा करार लिहिला जातो. कितानो बायकोकडे परत जातो, सावाचा घटस्फोट होतो. 2017च्या चित्रपटात तर तो माणूस जिवंतही राहत नाही. याला गोडवे म्हणतात?

आणि जपानी समाज सैल आहे म्हणून तिथे हे चालतं, या तुमच्या टोमण्याबद्दल. तिथे विवाहबाह्य संबंधाला ‘फुरिन’ म्हणतात, अक्षरांप्रमाणे अर्थ ‘नीतीला सोडून’. 1947पर्यंत तो गुन्हाच होता, फक्त लग्न झालेल्या बाईने केला तर (आणि तेव्हा तिच्या प्रियकराचाही). नवऱ्याने अविवाहित बाई ठेवली तर कायद्याला काही वाटत नसे. तो गुन्हा गेला तरी आजही फसवली गेलेली बायको नवऱ्याच्या प्रेयसीकडून नुकसानभरपाई मागू शकते. मात्र 1996मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की लग्न आधीच मोडून पडलेलं असेल तर तिसऱ्या माणसावर ही जबाबदारी येत नाही. म्हणजे न्यायाधीशांनाही विचारावंच लागलं, की त्या घरात तेव्हा शिल्लक काय होतं. आणखी एक. सावाचा घटस्फोट झाला तेव्हाच्या कायद्याने पुरुष दुसऱ्या दिवशी लग्न करू शकत होता, बाईला सहा महिने थांबावं लागायचं. 2016मध्ये त्याचे 100 दिवस झाले, आणि ती अट पूर्ण गेली ती एप्रिल 2024मध्ये. आपलं व्यभिचाराचं कलम 497 तरी काय होतं? नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही! 27 सप्टेंबर 2018ला ते रद्द झालं. नीती नीती म्हणून आपण ज्याला कवटाळतो त्यात मालकी हक्क किती असतो, हा प्रश्न विचारला की लेखिका बिघडलेली ठरते.

आता ‘तुमच्यावर वेळ आली असती तर’. हे मी लिहिणार नव्हते.

आली होती. 2015च्या फेब्रुवारीत, निशी-कासाईतच. नवरा आंघोळीला गेला होता आणि जेवणाच्या टेबलावर त्याचा फोन उजळला. मी वाटाणे सोलत होते. सोलत राहिले, वाटी भरली, दुसरी घेतली. पुढचे आठ महिने काय होते ते इथे मांडणार नाही, तो माझ्या एकटीचा ऐवज नाही. आम्ही अजून एकत्र आहोत. त्या महिन्यांत मी ‘हिरुगाओ’ दुसऱ्यांदा पाहिली. नोरिकोसारखी चिडले, रडले आणि तरीही सावाचा तिरस्कार करू शकले नाही, कारण माझ्या घरात आधीची दोन वर्षं किती शांतता होती ते मला ठाऊक होतं. तेव्हा मला कोणाचं दुःख कळत नाही, हे तुम्ही तरी सांगू नका.

नोरिकोला मी कमी जागा दिली, असेलही. लेख सावावर होता. मालिकांनी संसार मोडतात, यावर काय बोलायचं?

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही. फक्त माझ्या मुलीबद्दलचं वाक्य पुसलंय. ती आता चौदा वर्षांची आहे आणि हे पान वाचते. पुन्हा लिहाल तर नावानिशी लिहा, आणि निदान पहिला भाग पाहून. लिपस्टिकचा प्रसंग त्यातच आहे.