तळघर, ओल आणि चार डबे पेंट

आमचं घर बेळगावात शहापूरला, आजोबांच्या काळचं, दगड-चुन्याचं, आणि खाली तळघर. आधी तिथं बटाटे आणि भाताची पोती असायची, मग मोडकी सायकल आणि लग्नात आलेली चौदा घड्याळं. पोराची सीईटी, वर हॉलमध्ये आईच्या सिरियली, म्हणून म्हटलं खाली स्टडी रूम करूया. मे महिन्यात बघितलं तर खडखडीत कोरडं. (मे महिन्यात काय ओलं असतंय म्हणा.) पीओपी झालं, पांढरा पेंट झाला, टेबल आलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भिंतीला फुगे आले, पुरीसारखे टम्म. एकाला बोट लावलं तर फट्कन फुटून पाण्याची धार माझ्या बाहीत. खाली कोपऱ्यात कापसागत पांढरा लोणा, आणि फिजिक्सच्या पुस्तकावर हिरवी बुरशी. पोरगा म्हणाला, पप्पा, बायोलॉजीचं प्रॅक्टिकल इथंच होतंय.

शेजारचे काका म्हणाले, वॉटरप्रूफ पेंट मार, चार डबे. मारला, तोही फुगला. मेव्हणा म्हणाला, खिडक्या उघड, फॅन सोड. उघडल्या, तर ओल आणखी वाढली, कारण पावसाळ्याची दमट हवा आत येऊन त्या गार भिंतीवर घाम धरायला लागली. मग कुणीतरी सांगितलं की भिंतीला फॉईल चिकटवा, चारी बाजूनं टेप लावा आणि दोन दिवसांनी बघा, फॉईलच्या आत थेंब आले तर पाणी भिंतीतनं, बाहेर आले तर हवेतलं. आमच्याकडं दोन्हीकडनं! आणि बायको म्हणते, डब्याच्या चपात्या आता कशात गुंडाळू.

शेवटी बैलहोंगलकडचा गवंडी आणला. हा बाबा तळघरात उतरलाच नाही. छत्री धरून घराभोवती एक चक्कर मारली, वर बघितलं आणि म्हणाला, "सर, होरगिंद बर्तैत्री." बाहेरनं येतंय. गच्चीचा पाईप बरोब्बर तळघराच्या भिंतीच्या बुडात सुटलेला. राकसकोप धरणाचं पाणी नळाला येत नाही म्हणून मी गल्लीभर ओरडत फिरतो, आणि इकडं अख्ख्या गच्चीचं पाणी स्वतःच्या तळघरात भरत होतो! पाणी मागनं ढकलतंय तोवर आतनं कसलाही पेंट मारा, तो सुटणारच, आणि चुन्याच्या भिंतीला श्वास घ्यायला लागतो, तिचं नाक पीओपीनं बंद करायचं नसतं, हे त्यानं मला निम्मं कन्नड निम्मं मराठीत समजावलं. पैसे पूर्ण घेतले.

पाऊस उघडल्यावर भिंतीकडनं बाहेर उतार काढला, चर खणून खडी भरली, पाईप लांबवून कंपाऊंडपर्यंत नेला. पीओपी खरवडून भिंत जानेवारीपर्यंत उघडी वाळत ठेवली, मग चुन्याचा गिलावा. यंदा जुलै संपला तरी पुस्तकं कोरडी हायत.

काल शेजारचे काका आले. "अरे, आमच्या स्टोअररूमला यंदा पहिल्यांदाच ओल आलीय, कंपाऊंडकडच्या भिंतीला, कसं काय की."

त्या पेंटचा एक डबा शिल्लक होता, तो देऊन टाकला.