दिवा आहे, दाबणार कोण?

२०२३मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं, तेव्हापासून आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या घरच्या ग्रुपवर तासांचाच हिशेब चाललाय. २०२५च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे ९० तास आले आणि काकांनी ‘आमच्या वेळी’ची टेप पुन्हा लावली. मी नागोयाजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी बघते. जपानात राहते म्हणजे मी ७०च्या बाजूची, असं सगळ्यांनी धरूनच टाकलेलं. अहो, अतिकामाने येणाऱ्या मरणाला इथे ‘करोशी’ असा खास शब्द आहे, आणि २०१९पासून ओव्हरटाइमला महिन्याला ४५ तासांची सर्वसाधारण मर्यादा कायद्याने घातलीय.

माझं भांडण तासांशी नाहीच. टोयोटाच्या लाइनवर कामगाराला खोट दिसली की तो दोरी ओढतो. दिवा लागतो, टीम लीडर येतो. ठरलेल्या टप्प्यापर्यंत अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. आमच्याकडे दोरीऐवजी बटण आहे. पहिल्याच आठवड्यात मी ते उगाच दाबलं; सगळं ठीक होतं. लीडर धावत आला, पार्ट उलटसुलट बघितला आणि म्हणाला, ‘आरिगातो.’ म्हणजे धन्यवाद. मला वाटलं टोमणा. नव्हता.

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, मी तीन वर्षं काढली. तिथले ऑपरेटर इथल्यांपेक्षा डोकेबाज, हे मी पैजेवर सांगेन. बंद पडलेलं मशीन ट्यूबच्या तुकड्यावर चालू करतील, पण ड्रॉइंगमधली चूक दिसली तर गप्प. एकाने दाखवली होती. साहेब म्हणाले, ‘तुला विचारलं का?’ ऐकणारे चार-पाच जण होते. तेवढं साऱ्या शॉपला पुरलं.

इथेही सोनंच नाही. मशीन दोन फूट सरकवायचं तर आधी एकेकाला गाठून पटवायचं, त्याला ‘नेमावाशी’ म्हणतात. महिना जातो. बडोद्यात हे शेव-उसळीची बशी रिकामी व्हायच्या आत ठरलं असतं.

चुलतभावाचं तिथेच छोटं वर्कशॉप आहे. त्याला बटणाचं सांगितलं तर म्हणाला, ‘अगं, माल उशिरा गेला तर पेनल्टी मी भरणार, तुझा जपानी नाही.’ खरंच आहे. तरी दिवाळीनंतर त्याने लाल दिवा बसवला. दोन आठवडे कुणी हात लावला नाही. परवा रात्री फोन आला. ‘आज एकाने लावला गं. मी धावत गेलो, आणि तोंडातून निघालं, आता काय करून ठेवलंस?’