चार सामने सासूचे, चार सामने सुनेचे

अभिनंदन! एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या लीगच्या, ३२ संघांपैकी एका हरणाऱ्या संघाचे तुम्ही हेड कोच झालात. (जिंकणाऱ्या संघात ही खुर्ची सहसा रिकामी होत नाही.) आता तुमच्यापुढे एकच प्रश्न आहे. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा, म्हणून कुणाला उतरवायचं? छत्तिशीतला, गुडघे कुरकुरणारा, सगळं पाहून झालेला गडी की परवाच कॉलेजातून आलेलं, तोफेसारखा हात असलेलं पोरगं? प्रश्न अवघड वाटतो. पण रीत ठाऊक असली की दोघांनाही एकाच हंगामात वाया घालवता येतं.

क्रिकेटची सवय असलेल्यांसाठी आधी एक खुलासा. क्रिकेटमध्ये नवख्याला सातव्या नंबरवर पाठवून, दोन ओव्हर देऊन चाचपता येतं. इथे ती सोय नाही. आक्रमणाच्या जवळजवळ प्रत्येक प्लेमध्ये (एकेका चढाईत) चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो आणि मैदानात क्वार्टरबॅक एकच असतो. दुसरा टोपी घालून कडेला उभा. म्हणजे ही अर्धी-अर्धी वाटून खायची भाकरी नव्हे. म्हणूनच तुम्ही ती वाटायची आहे.

सुरुवात खरेदीपासून. मार्चमध्ये बाजार उघडला की अनुभवी माणूस घ्या, एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यात, नवखा घ्या, आणि पहिल्याला दुसऱ्याची कुणकुण लागू देऊ नका. अटलांटा फाल्कन्सचा नमुना अभ्यासण्यासारखा आहे. अनुभवी कर्क कझिन्स टाचेमागचा अकिलीस टेंडन तुटल्यावर नुकताच सावरत होता. २०२४च्या मार्चमध्ये त्याच्याशी चार वर्षांचा, १८ कोटी डॉलरचा करार केला, त्यातले १० कोटी हमीचे. सहा आठवड्यांनी ड्राफ्टमध्ये आठव्या क्रमांकावर नवखा मायकेल पेनिक्स उचलला. डिसेंबरपर्यंत कझिन्सचे १६ इंटरसेप्शन झाले (म्हणजे फेकलेला चेंडू समोरच्यांनी झेलला) आणि शेवटचे तीन सामने पेनिक्स खेळला. शिकागो बेअर्सनी हाच प्रयोग २०१७ साली स्वस्तात केला होता. माइक ग्लेननला तीन वर्षांसाठी साडेचार कोटी डॉलरचा करार दिला आणि पाठोपाठ ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावरून दुसऱ्यावर सरकून मिचेल ट्रुबिस्कीला घेतलं. ग्लेनन चार सामने टिकला. त्याच ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकापर्यंत पुढे मोठं नाव झालेला पॅट्रिक महोम्स शिल्लक होता, पण ते सोडा.

जुलैच्या अखेरीस सरावशिबिर लागतं. ९० जण असतात, ५३ ठेवायचे असतात. पहिल्याच दिवशी पत्रकारांना सांगा, ‘खुली स्पर्धा आहे, जो चांगला तो खेळेल.’ मग पहिल्या फळीबरोबरचा सराव दोघांत निम्मा-निम्मा वाटून टाका. हे न्यायाचं दिसतं आणि परिणाम हमखास देतं. पंधरा यार्डांवर जाऊन वळणाऱ्या रिसीव्हरसाठी (झेलणाऱ्यासाठी) चेंडू तो वळण्याआधीच हातातून सुटलेला असावा लागतो. वळल्यावर फेकाल तर बचावपटू मधे येऊन बसलेला असतो. ही वेळ फळ्यावर लिहून येत नाही, शेकडो वेळा केल्यावर दोघांच्या अंगात मुरते. तुमचा जुना गडी लवकर फेकतो पण चेंडू रेंगाळत जातो, नवा उशिरा फेकतो पण सणसणीत. रिसीव्हर सोमवारी एकाची सवय करतो, मंगळवारी दुसऱ्याची, आणि सप्टेंबरात त्याला कुणाचीच सवय नसते. सेंटरचंही तेच. तो क्वार्टरबॅकला मागे चेंडू देतो त्याला स्नॅप म्हणतात, आणि त्यासाठीची हाक प्रत्येक क्वार्टरबॅकची वेगळ्या चालीत असते. दोन चाली कानात घोळल्या की लाइनमधलं (क्वार्टरबॅकच्या पुढच्या रांगेतलं) कुणीतरी आधीच हलतं. दंड पाच यार्ड.

तीन सरावसामन्यांतून निष्कर्ष काढायलाही विसरू नका. जुन्याला दहा मिनिटं खेळवा. नवख्याला दुसऱ्या अर्धात तिसऱ्या फळीच्या लाइनमागे, समोरच्यांच्याही तिसऱ्या फळीविरुद्ध सोडा. त्यातले बरेच जण महिनाअखेरीस संघात नसणार. त्यांच्याविरुद्ध चेंडू चांगले पडले की म्हणा ‘तयार आहे’, वाईट पडले की ‘अजून वेळ लागेल’.

हंगाम सुरू होताना जुन्यालाच उतरवा. नव्याबद्दल सांगायचं वाक्य ठरलेलं आहे, ‘तो बसून शिकतोय.’ रविवारी सामना असला की बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार हे सरावाचे खरे दिवस. त्यात जवळपास सगळे प्ले पहिल्या क्वार्टरबॅकला मिळतात. दुसरा काय करतो? पुढच्या प्रतिस्पर्ध्याचं सोंग घेऊन आपल्याच बचाव फळीला सराव देतो. म्हणजे तुमचा कोट्यवधींचा नवखा आठवडाभर दुसऱ्या संघाचं प्लेबुक शिकतोय. पॅड चढवून सराव तर खेळाडू संघटनेबरोबरच्या करारानुसार अख्ख्या हंगामात १४ वेळाच. सूनबाई स्वयंपाक शिकतायत, फक्त शेजारणीच्या घरचा.

मग त्याला उतरवायचा दिवस येतो. कोचचा आवाज हेल्मेटमधल्या स्पीकरमधून येतो आणि प्ले क्लॉकवर, म्हणजे पुढचा प्ले सुरू करायच्या घड्याळावर, १५ सेकंद उरले की बंद पडतो. तिथून पोरगं एकटं. समोरची मांडणी बदलते. धावून येणार असं भासवणारे मागे सरकतात आणि मागे उभा असलेला धावून येतो. कुणी कुणाला अडवायचं हे ओरडून सांगायचं, आणि चेंडू हातात आला की साधारण अडीच-पावणेतीन सेकंद. अनुभवी माणसाला हे सगळं आधीच दिसतं, पैसे त्याचेच असतात. पण दिसलेल्या जागी चेंडू पोचवायला हातात जोर उरलेला नसतो. नवख्याचा चेंडू कुठेही पोचतो, फक्त कुठे पोचवायचा हे कळायला पाचवा सेकंद लागतो.

तो पाचवा सेकंद मिळू नये याची व्यवस्था तुम्हीच करायची आहे. क्वार्टरबॅकच्या पुढे पाच धिप्पाड माणसं उभी असतात, त्या रांगेला ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात. तिच्यावर अजिबात खर्च करू नका. त्या पाच जणांच्या नावाच्या जर्सी दुकानात फारशा खपत नाहीत, टीव्हीवर त्यांचं नाव दंड झाल्यावरच येतं, मालकांना त्यातल्या दोघांचीही नावं सांगता येणार नाहीत. उजव्या हाताचा क्वार्टरबॅक फेकायला वळला की त्याची पाठ डावीकडे असते, म्हणून डाव्या टोकाचा अडवणारा (टॅकल) कच्चा असलेला सर्वांत उत्तम. ह्यूस्टन टेक्सन्स २००२ साली नव्याने मैदानात उतरले. डाव्या टोकासाठी त्यांनी टोनी बोसेलीला घेतलं. खांद्याच्या दुखापतीमुळे तो त्यांच्याकडून एकही सामना खेळला नाही. ड्राफ्टचा पहिला क्रमांक, डेव्हिड कार, मात्र पहिल्या सामन्यापासून मैदानात होता. त्या हंगामात १६ सामन्यांत तो ७६ वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच आडवा केला गेला. सामन्याला पावणेपाच वेळा. हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. इतका मार बसला की क्वार्टरबॅकची नजर रिसीव्हरवरून उठते आणि अंगावर येणाऱ्यांवर बसते. ती पुन्हा वर उचलणं कुठल्याच कोचला सहज जमत नाही. लाइन पक्की असेल तर मात्र जुना काय, नवा काय, बरा दिसू लागतो, आणि मग तुमच्या लेखाजोख्याला काही अर्थ उरत नाही. म्हणून हे मालकांच्या कानावर जाऊ देऊ नका.

बदल कधी करायचा? संघ जिंकत असताना. २००४ साली न्यूयॉर्क जायंट्स कर्ट वॉर्नरच्या हाताखाली पाच जिंकून चार हरले होते. (नावाला न्यूयॉर्क, मैदान न्यू जर्सीत ईस्ट रदरफर्डला. तिथल्या मराठी मंडळींना रविवारच्या ट्रॅफिकमुळे हे वेगळं सांगायला नको.) वॉर्नरला बसवून नवखा ईलाय मॅनिंग उतरवला. ईलाय सलग सहा सामने हरला, सातवा जिंकला. पुढे त्याने दोन सुपर बोल (लीगचे अंतिम सामने) जिंकले, म्हणून त्या निर्णयाला दूरदृष्टी म्हणतात. सहा पराभव चालू होते तेव्हा वेगळा शब्द वापरात होता.

याहून पोचलेलं काम बफेलो बिल्सचं. १९९९च्या हंगामानंतर संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, गेला नव्हता. २०१७ साली टायरॉड टेलरच्या हाताखाली पाच विजय, चार पराभव अशी संधी चालून आलेली. त्याला बसवून ड्राफ्टच्या पाचव्या फेरीतला नवखा नेथन पीटरमन चार्जर्सविरुद्ध उतरवला. पीटरमनने पहिल्या अर्धात १४ चेंडू फेकले. सहा आपल्या माणसांनी झेलले, पाच समोरच्यांनी. सामना ५४-२४ असा गेला. पुढच्या आठवड्यात टेलर परत आला आणि संघ प्लेऑफमध्येही पोचला.

टेलरचं नाव निघालंच आहे तर त्याचा फोन नंबर जवळ ठेवा. नवख्याची वाट मोकळी करून देण्यात या गृहस्थाचा हात धरणारा कुणी नाही. २०१८ साली क्लीव्हलँड ब्राउन्सकडे ड्राफ्टचा पहिला क्रमांक, बेकर मेफील्ड, याच्या आधी त्याला खेळवलं. तिसऱ्या सामन्यात डोक्याला मार बसला, मेफील्ड आत आला आणि ६३५ दिवसांनी ब्राउन्सनी सामना जिंकला. २०२० साली चार्जर्सकडे होता. दुसऱ्या सामन्याआधी दुखऱ्या बरगड्यांसाठी इंजेक्शन देताना संघाच्या डॉक्टरांची सुई त्याच्या फुप्फुसात गेली. जस्टिन हर्बर्टला आपण खेळणार हे ऐन सामन्याच्या तोंडावर कळलं. त्याने ३११ यार्ड फेकले आणि पुन्हा जागा सोडली नाही. म्हणजे ‘बसून शिकतोय’चा पूर्ण अभ्यासक्रम एका सामन्यात आटोपला.

कुणी शहाणा आकडे घेऊन आलाच तर दोन्ही खिशांत दाखले ठेवा. नवख्याला बसवायचं असेल तर म्हणा ‘महोम्स.’ २०१७ साली कॅन्सस सिटीमध्ये तो अनुभवी अॅलेक्स स्मिथच्या मागे बसला, शेवटचा एकच सामना सुरुवातीपासून खेळला, आणि पुढच्या वर्षी ५० टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार पोचवून मिळणारे गुण) फेकले. नवख्याला उतरवायचं असेल तर म्हणा ‘पेटन मॅनिंग.’ १९९८ साली सगळे १६ सामने खेळला, २८ इंटरसेप्शन केले, संघ १३ सामने हरला. पुढच्या वर्षी त्याच संघाने १३ जिंकले. महोम्स बसला तेव्हा स्मिथ कारकिर्दीतला सर्वोत्तम हंगाम खेळत होता आणि कोचला उद्याच्या नोकरीची काळजी नव्हती, हा तपशील गाळा. तुमच्याकडे यातलं काहीच नाही.

पैशाचं गणित थोडक्यात. २०१० साली पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख डॉलर मिळाले. पुढच्या वर्षी नियम बदलले आणि पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे २ कोटी २० लाख. पहिल्या फेरीतल्याला चार वर्षांच्या करारापुढे पाचवं वर्ष ठेवायचं की नाही, हे तिसऱ्या हंगामानंतरच ठरवावं लागतं. नवखा स्वस्त झाला तेव्हापासून त्याला बसवणं महाग झालं, कारण स्वस्ताईची वर्षं त्याच्या बाकावर संपतात. इथेही जायंट्सकडून शिका. २०१९ साली दोन पराभवांनंतर त्यांनी त्याच ईलायला बसवून डॅनियल जोन्सला आणलं. २०२२ साली जोन्सचं पाचवं वर्ष नाकारलं. २०२३ साली त्याच जोन्सशी चार वर्षांचा १६ कोटींचा करार केला. २०२४च्या नोव्हेंबरात त्याला सोडून दिलं.

मग २०२५च्या मार्चमध्ये त्यांनी अनुभवी रसेल विल्सन घेतला. हा तोच विल्सन, ज्याने २०१२ साली तिसऱ्या फेरीतला नवखा म्हणून सिअॅटलमध्ये पैसे मोजून आणलेल्या मॅट फ्लिनची जागा सरावसामन्यांतच घेतली होती. आणि तोच, ज्याला सोडताना डेन्व्हरच्या हिशेबात साडेआठ कोटी डॉलर बुडीत खाती गेले. एप्रिलमध्ये पंचविसाव्या क्रमांकावर जॅक्सन डार्ट आला. विल्सन तीन सामने हरला. चौथा डार्टला दिला, तो त्याने चार्जर्सविरुद्ध २१-१८ असा जिंकला. रीत बरोबर पाळली गेली. नोव्हेंबरात शिकागोत डार्टच्या डोक्याला मार बसला, विल्सन आत आला, हातातला सामना गेला, आणि दुसऱ्या दिवशी कोच ब्रायन डेबोल यांना निरोप मिळाला.

पुढच्या रविवारी, नव्या हंगामी कोचच्या हाताखाली, ग्रीन बेविरुद्ध जायंट्सचा क्वार्टरबॅक होता जेमिस विन्स्टन. तो मार्चमध्येच घेऊन ठेवलेला होता. तिसरा.