चित्र काढता येणं पुरेसं नाही
‘चित्रकला येत असेल तर आर्ट थेरपिस्ट होता येतं’ हे आर्ट थेरपीवरच्या (चित्रांच्या मदतीने मानसिक उपचार) लेखातलं वाक्य जरा घाईचं वाटलं. माझी भाची लंडनमध्ये हेच शिकतेय. ब्रिटनमध्ये हे पदनाम कायद्याने राखीव आहे. मान्यताप्राप्त पदव्युत्तर शिक्षण आणि एचसीपीसीकडे (तिथली आरोग्य व्यावसायिकांची नियामक संस्था) नोंदणी नसेल तर ते लावता येत नाही. पूर्णवेळ केलं तर साधारण २ वर्षं, त्यात देखरेखीखाली रुग्णांसोबत प्रत्यक्ष काम. शिवाय शिकणाऱ्याला स्वतःलाही थेरपी घ्यावीच लागते (तो खर्च वेगळाच!). भाची म्हणते, समोरच्याच्या चित्राला ‘छान’ म्हणायचं नाही, नुसतं त्याच्यासोबत बसून बघायचं, हेच सगळ्यात जड गेलं. जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेली ना, हात सारखा दुरुस्तीला शिवशिवायचा!