प्रतिक्रियेला उत्तर: ‘पुस्तकी’ कुणाला म्हणता?

नमस्कार. डिटॅच्ड ऑब्जेक्ट (सेशन, म्हणजे डेटाबेसशी चाललेला संवाद, बंद झाल्यावर सुटा पडलेला ऑब्जेक्ट) आणि लेझी लोडिंग (माहिती लागेल तेव्हाच डेटाबेसमधून आणणं) यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “ओपन सेशन इन व्ह्यू बंद करा हे पुस्तकी शहाणपण आहे. स्प्रिंग बूटमध्ये ते मुळातच चालू असतं. जॉइन फेच आणि पेजिंग एकत्र जमत नाही हेही लेखकाला ठाऊक नाही. आणि डीटीओ लिहायला वेळ कुणाकडे आहे?” नव्या वाचकांसाठी: स्प्रिंग बूट ही जावात वेब ॲप लिहायची चौकट, हायबरनेट हे त्यातलं डेटाबेसशी बोलणारं साधन. ओपन सेशन इन व्ह्यू म्हणजे पान तयार होईपर्यंत सेशन उघडं ठेवणं. जॉइन फेच म्हणजे जोडलेल्या नोंदी एकाच क्वेरीत आणणं, पेजिंग म्हणजे यादी पानापानानं आणणं. डीटीओ म्हणजे पानाला लागते तेवढीच माहिती वाहणारा साधा ऑब्जेक्ट.

पेजिंगचं मान्य. कलेक्शनला (एका नोंदीशी जोडलेल्या अनेक नोंदींना) जॉइन फेच लावून पान मागितलं की हायबरनेट सगळ्या ओळी मेमरीत ओढून तिथं पान पाडतं. आधी पानापुरते आयडी काढायचे, मग त्यांच्यावर जॉइन फेच. लेखात दुरुस्ती केली आहे. पण “हेही ठाऊक नाही” ही काय बोलायची पद्धत झाली? चूक दाखवा, माणसाची लायकी कशाला काढता?

आणि ‘पुस्तकी’ हा शब्द मला लागला. लातूरच्या आडत दुकानांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर मी स्वतः लिहिलंय. वीसेक दुकानं, सर्व्हर एकच. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची आवक वाढली आणि दिवसाच्या पट्ट्यांचं (शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबाच्या कागदांचं) पान उघडेना. शेतकऱ्याचं नाव, कट्टे, वजन, हमाली, तोलाई, उचल, एवढंच पान. पट्टीच्या ओळी लेझी होत्या. सेशन पान तयार होईस्तोवर उघडं, म्हणून एरर एकही नाही. पण यादीची एक आणि प्रत्येक पट्टीच्या ओळींची एक, अशा २०० पट्ट्यांना २०१ क्वेरी जात होत्या. माझ्या लॅपटॉपवर पाचच पट्ट्या होत्या, मला कळणार कसं? त्यात डेटाबेसची कनेक्शनं सांभाळणाऱ्या हिकारीच्या पूलमध्ये मुळात १० कनेक्शन, आणि पान पुरं होईपर्यंत प्रत्येक अडकलेलं. मुनीम मला फोनवर फोन करत होते आणि औशाहून माल घेऊन आलेला माणूस पट्टीसाठी खिडकीशी ताटकळत होता. हे कोणत्या पुस्तकात असतं ते सांगा.

सेशन सर्व्हिसपाशीच (पान तयार होण्याआधी, डेटा आणणाऱ्या थरापाशी) बंद झालं असतं तर पहिल्याच टेस्टला ‘नो सेशन’चं लेझी इनिशिअलायझेशन एक्सेप्शन आलं असतं आणि कोणतं नातं आणायचं राहिलं ते तिथंच दिसलं असतं. लोक त्या एक्सेप्शनला वैतागतात. मला ते घरातल्या राखणदारासारखं वाटतं. ओपन सेशन इन व्ह्यू त्याचं तोंड बांधतं. हायबरनेटची एनेबल लेझी लोड नो ट्रान्स ही सेटिंग तर त्याहून वाईट, ती दरवेळी नवं तात्पुरतं सेशन उघडते.

“मुळातच चालू असतं” म्हणता, तर २०१८ मध्ये आलेल्या २.० पासून स्प्रिंग बूट सुरू होतानाच त्याबद्दल लॉगमध्ये इशारा छापतं. तुम्ही तो वाचलेला दिसत नाही.

डीटीओचं म्हणाल तर जावात रेकॉर्ड (फक्त डेटा धरणारा छोटा क्लास) आल्यापासून ते एका ओळीचं काम आहे. त्यावर वाद घालत नाही.

तुमच्या चालू प्रोजेक्टमध्ये हायबरनेटची जनरेट स्टॅटिस्टिक्स ही सेटिंग ट्रू करा, एखादं यादीचं पान उघडा आणि लॉगमधला क्वेरींचा आकडा इथं लिहा. आकडा घेऊन आलात तर मी रात्री बारालाही बोलायला तयार आहे.