धाकटी सून दिवाळीत परत येणार, हे ठरवलं कुणी?

गेले दोन आठवडे एकच मजकूर आमच्या कर्वेनगरातल्या सोसायटीच्या ग्रुपवर, हास्यक्लबच्या ग्रुपवर आणि माहेरच्या ग्रुपवर फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला, त्यात एक माझी आईच. साडेआठच्या मालिकेतली धाकटी सून गाडीसकट घाटात कोसळली, त्यानंतरचा हा मजकूर. (मालिकेचं नाव घेत नाही. घेतलं की मुद्दा राहतो बाजूला आणि सासूचं चुकलं की सुनेचं, यावरच जुंपते.)

मजकुराचा गाभा असा: मालिकेचा शेवट पहिल्या दिवशीच लिहून ठेवलेला असतो, चॅनेल मुद्दाम खुणा पेरत जातं, आणि त्या ओळखता आल्या की पुढचं सगळं आधीच कळतं. खुणा कोणत्या? प्रोमो, दुसऱ्या भाषेतली मूळ मालिका, कलाकारांचे बाहेरचे उद्योग, टीआरपी आणि ‘आतल्या माणसाची’ बातमी. यावरून निष्कर्ष काढलाय की धाकटी सून जिवंत आहे, ती दिवाळीच्या आठवड्यात परतणार आणि त्याच दिवशी थोरलीचं कारस्थान उघडं पडणार. खाली ठळक अक्षरांत ‘१०० टक्के खात्रीलायक’.

मी पुण्यात बसून दोन मालिकांसाठी मिळून तीनेक वर्षं संवाद लिहिले आहेत. मोठी लेखिका वगैरे नाही. दुसऱ्याने रचलेल्या प्रसंगांत पात्रांच्या तोंडी वाक्यं घालायची, एवढंच माझं काम. पण त्या कामात ‘पुढे काय?’ हा प्रश्न रोज दुपारी फोनवर यायचा, आणि तो प्रेक्षकांचा नसायचा, सेटवरून यायचा. म्हणून हा मजकूर वाचून गप्प बसवेना.

‘शेवट पहिल्याच दिवशी लिहून ठेवलेला असतो.’ हा समज पुण्यात जरा जास्तच घट्ट आहे, आणि त्याचा दोष मी नाटकाला देते. पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. भरत नाट्य मंदिरात घसा फोडून ओरडलेल्या किंवा निदान ओरडणाऱ्यांच्या शेजारी बसलेल्या तीन पिढ्या या शहरात आहेत. एकांकिकेत कोपऱ्यात कंदील टांगलेला दिसला की तो विझणार किंवा भडकणार, हे आपल्याला सवयीने कळतं. तिथे लेखकाला शेवट आधी सुचलेला असतो, बाकीचं तो मागे मागे विणत जातो. तोच डोळा घेऊन आपण साडेआठला टीव्हीसमोर बसतो. मग सासूने देवघरातली समई डाव्या हाताने लावली, यातही आपल्याला खूण दिसते. ती समई डाव्या हाताने लागते, कारण उजवीकडे लाइटचा स्टँड असतो.

मालिकेचा हिशेब वेगळाच आहे. अर्ध्या तासात जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटं उरतात. आठवड्याला सहा भाग धरले तर १३२ मिनिटं, म्हणजे दर आठवड्याला एका चित्रपटाएवढं काम, तेही वर्षाचे बाराही महिने. सुरुवातीला चॅनेलकडे जातो तो कथाविस्तार. त्यात माणसं, नाती, मुख्य भांडण आणि पहिल्या काही महिन्यांची वाट असते. त्यापुढे ‘नायिका स्वतःच्या पायावर उभी राहते’ छापाची एखादी ओळ. कारण मालिका सहा महिन्यांत गुंडाळणार की सहा वर्षं चालणार, हे तेव्हा कुणालाच सांगता येत नाही. ‘चार दिवस सासूचे’ २००१ मध्ये सुरू झाली आणि २०१३ मध्ये संपली, भाग तीन हजारांवर गेले. नावातच चार दिवस असलेल्या त्या मालिकेचा तीन हजारावा भाग २००१ मध्ये कुणी लिहून कपाटात ठेवला असेल, असं मानायचं असेल तर माझं काही म्हणणं नाही.

आमच्याकडे एकदा लग्नापुरता एक मामा आणला होता. चार भागांचं काम. अक्षता टाकायच्या, पंगतीत एक विनोद करायचा आणि एसटी पकडून परत जायचं. लोकांना तो इतका आवडला की आठ महिने राहिला. राहायचं तर कारण हवं, म्हणून त्याला जमिनीचा जुना वाद दिला. वाद दिला म्हणून वकील आला, आणि त्या वकिलामुळे नायिकेच्या वडिलांचं एक गुपित जन्माला आलं. पुढे एका बाईंनी लिहिलं, ‘पंगतीत मामा जिलबी नको म्हणाला, तेव्हाच मला कळलं होतं याच्या पोटात काहीतरी आहे.’ त्या दिवशी त्या नटाचा दात दुखत होता हो!

आता प्रोमो. ‘प्रोमोत दिसतं ते घडतंच.’ हे अर्धं खरं आहे, म्हणूनच त्याने जास्त माणसं फसतात. प्रोमोतला शॉट बहुतेक वेळा भागात येतो. पण तो कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर येतो, ते प्रोमोवाले आपल्या सोयीने ठरवतात. सून हात उगारते, कट, सासू गाल धरून उभी. भागात बघावं तर सून डास मारत असते आणि सासूची दाढ ठणकत असते. इतकं टोकाचं नसेल, तर निदान ते स्वप्न तरी निघतं. शिवाय महाएपिसोडचा प्रोमो कधी कधी त्या भागाची पटकथा हातात यायच्या आधीच चित्रित होतो. मग आम्हाला निरोप येतो, ‘प्रोमोत ती पावसात दार ठोठावताना दाखवली आहे, तिथपर्यंत गोष्ट आणून पोचवा.’ ती कुणाचं दार ठोठावते आहे, हे तोपर्यंत आम्हालाही माहीत नसतं. फिरणाऱ्या मजकुरात पैंजणवाल्या पायांचा उल्लेख आहे: ‘प्रोमोत उंबरठ्यावर दिसलेले पाय धाकटीचेच, पैंजण ओळखा.’ पैंजण कपडेपटातले असतात. थोरलीलाही तेच मिळतात आणि नव्या येणाऱ्या जावेलाही.

तिसरी खूण मूळ मालिकेची. हा त्या मजकुरातला सगळ्यात दमदार मुद्दा आहे. मराठीतल्या पुष्कळ मालिका दुसऱ्या भाषेतून आलेल्या असतात, हे खरंच आहे, आणि मूळ मालिका शोधून सबटायटल लावून बघणाऱ्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार. पण एक उदाहरण घेऊन बघू. ‘आई कुठे काय करते’ ही बंगाली ‘श्रीमोयी’वरून आलेली. मराठी मालिका २०१९ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि २०२४ च्या नोव्हेंबरात संपली. बंगाली मालिका मात्र २०२१ च्या अखेरीसच आटोपली होती. म्हणजे जवळजवळ तीन वर्षं मराठीवाल्यांपुढे नक्कल करायला पुढचा भागच नव्हता. त्याच गोष्टीवरून २०२० मध्ये हिंदीत ‘अनुपमा’ आली, आणि ती तर मराठी मालिका संपल्यावरही चालूच राहिली. एकच बीज, तीन घरं, आणि तिन्ही घरांचं आयुष्य वेगळं.

ही फारकत लेखकाच्या लहरीने होत नाही. बंगाली घरातलं भांडण पूजेच्या दिवसांत पेटतं, आपल्याकडे ते गणपतीत आणि मंगळागौरीला आणून बसवावं लागतं. मग त्याची कारणं बदलतात आणि भांडणात बोलणारी माणसंही. मूळ मालिकेत काका लोकप्रिय असेल आणि इथे आत्या चालत असेल, तर काकाचे प्रसंग आत्याकडे सरकतात. आत्याला मुलगा नसतो, मग काकाच्या मुलाचं लग्न कुठे लावायचं? असा एक दगड हलला की पुढची सगळी भिंत वेगळी बांधावी लागते. शंभरेक भागांपर्यंत मूळ मालिका पाहून अंदाज बरा बांधता येतो, हे मला मान्य. साडेपाचशेव्या भागाचा अंदाज त्यावरून बांधायचा म्हणजे थोरल्या भावाच्या पत्रिकेवरून धाकट्याचं भविष्य सांगण्यासारखं आहे. आमच्या चर्चेतली मालिका सध्या साडेपाचशेच्या पुढे आहे.

‘ती अभिनेत्री बालगंधर्वला नाटकात दिसली, म्हणजे मालिकेतून गेली’ आणि ‘तिने केस कापले नाहीत, म्हणजे परत येणार’, ही दोन्ही वाक्यं एकाच मजकुरात चार ओळींच्या अंतराने आहेत! मालिका करता करता शनिवार-रविवारी नाटकाचे प्रयोग करणारे कलाकार कितीतरी आहेत, डेट्स सांभाळणं हे निर्मितीवाल्यांचं रोजचंच दुखणं. केसांचं तर सोडाच, विग नावाची वस्तू असते. आणि कलाकार खरोखर सोडून गेला, तरी पात्र मरतंच असं नाही. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली शनाया २०१८ मध्ये रसिका सुनीलकडून ईशा केसकरकडे गेली आणि २०२० मध्ये परत रसिका सुनीलकडे आली. ‘प्रेमाची गोष्ट’मध्ये २०२५ च्या जानेवारीत मुक्ता म्हणून तेजश्री प्रधानच्या जागी स्वरदा ठिगळे आली. पात्रं दोन्ही वेळा जिवंत राहिली, फक्त चेहरा बदलला. म्हणजे धाकटी सून परत आलीच, तरी तुमच्या ओळखीची येईल असंही नाही.

टीआरपीबद्दल मजकूर म्हणतो, ‘बुधवारी टीआरपी पडला, गुरुवारी अपघात झाला, हिशेब करा.’ करू या की हिशेब. टीआरपी मोजणाऱ्या बार्क या संस्थेचा आठवडा शनिवारी सुरू होतो आणि शुक्रवारी संपतो, त्याचे आकडे पुढच्या गुरुवारी येतात. म्हणजे आकडे हातात पडतात तेव्हाच ते जवळपास आठवडाभर शिळे असतात. मग चॅनेलची बैठक, ट्रॅक बदलायचा निर्णय, पटकथा, संवाद, चित्रीकरण, संकलन. आधीच चित्रित करून ठेवलेल्या भागांची बँक रिकामी असली तर आज चित्रित झालेलं उद्या दाखवल्याचेही प्रकार घडतात. त्या दिवसांत सीन एक एक करून पाठवायचा आणि सेटवर नट तो फोनवर वाचून उभा राहायचा. पण एरवी आज रात्री दिसणारा अपघात हा दोन-तीन आठवड्यांपूर्वीच्या आकड्यांना दिलेला जवाब असतो. आणि आकडे तरी कुणाचे? केंद्र सरकारच्याच २०२५ च्या निवेदनाप्रमाणे कुठल्या घरात काय बघतात ते टिपणारे मीटर देशभरात सुमारे ५८ हजार आणि टीव्ही असलेली घरं सुमारे २३ कोटी. साधारण चार हजार घरांमागे एक. ते मीटर कुठल्या घरात आहेत हे गुप्त ठेवतात. तेव्हा ‘आपण सगळ्यांनी एक आठवडा मालिका बंद ठेवू, बघू धाकटीला कशी परत आणत नाहीत’ हा आमच्या बी विंगने मांडलेला ठराव मनाला कितीही बरा वाटला, तरी त्याची झळ वरपर्यंत पोचेल असं वाटत नाही.

आकड्यांच्याही वर एक गोष्ट असते, ती म्हणजे जे हातात नसतं ते. २०२१ च्या एप्रिलमध्ये राज्यात चित्रीकरणं बंद झाली, तेव्हा कितीतरी मालिकांनी रातोरात गोवा, सिल्वासा गाठलं. तोवर वाड्यातून न हललेली कुटुंबं अचानक रिसॉर्टच्या लॉनवर हळदीकुंकू करायला लागली. मे उजाडला आणि गोव्यानेही चित्रीकरण थांबवलं, पुन्हा पळापळ. त्या महिन्यांतले किती ‘ट्विस्ट’ निव्वळ बॅगा भरण्यातून आले असतील याची कल्पना करा. आजीचं गुडघेदुखीचं निमित्त, मोठ्या दिरांचं परगावचं काम, सगळं त्यातलंच. जो नट येऊ शकला नाही, तो गोष्टीत परगावी गेला.

राहता राहिला आतला माणूस. काही मालिकांचा भाग पैसे भरणाऱ्या वर्गणीदारांना अ‍ॅपवर टीव्हीच्या आधी दिसतो. सकाळी फिरून आल्यावर भाग बघून घ्यायचा आणि दुपारी ‘सूत्रांकडून कळलं’ म्हणून टाकायचं, एवढ्यावर आमच्या ग्रुपमधल्या एका काकांची सहा महिने वट होती. सुनेने वर्गणीचं नूतनीकरण केलं नाही आणि काकांची सूत्रं आटली.

मग धाकटी सून मेली का? माझं मत विचाराल तर नाही. मृतदेह दाखवला नाही, नुसती तरंगणारी ओढणी दाखवली. एवढ्यापुरता तो मजकूर बरोबर आहे. पण ओढणी दाखवली ती दार उघडं ठेवायला. त्या दारातून कोण येणार, कधी येणार, हे ठरवायची बैठक अजून झालेली नसणार. दिवाळीलाच ती परत यावी असं वाटतं, कारण दिवाळीला घरचं माणूस परत यावं असं आपल्यालाच वाटतं.

हे सगळं मी शेजारच्या काकूंना जिन्यात उभं राहून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “ते सगळं ठीक आहे गं, पण तुला काय वाटतं, पुढच्या आठवड्यात काय?”

“अहो काकू, मला कसं माहीत असणार? फार तर एवढं सांगेन, हॉस्पिटलचा सेट लागलाय. भाडं भरलेलं असतं. आठ-दहा दिवस कुणीतरी ॲडमिट राहणार. कोण, ते त्यांनाही माहीत नसेल.”

संध्याकाळी हास्यक्लबच्या ग्रुपवर नवा मजकूर आला. ‘मालिकेत काम केलेल्या, कर्वेनगरमधील एका अत्यंत आतल्या व्यक्तीकडून: सासरे दहा दिवस आयसीयूत. १०० टक्के खात्रीलायक.’ सासऱ्यांचं नाव मी काढलंच नव्हतं. रात्री पावणेनऊला त्यांच्या छातीत कळ आली.