तिखट ही चव नाही म्हणजे नाहीच! (एका काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर)

काका, (साठी उलटली असं तुम्हीच लिहिलंय म्हणून काका, राग नसावा) "तिखट ही चव नाही म्हणणाऱ्याने पुण्यात राहून मिसळ खाल्लेली दिसत नाही, आणि आपले षड्रस काय उगाच आहेत?" ही 'तिखट ही चव नाही' या माझ्या लिखाणावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मिसळीचा आरोप तेवढा मागे घ्या, दर रविवारी जादा तर्री मागून घेणारा माणूस आहे मी.

आता मला सांगा, मिरच्या चिरल्यावर चुकून डोळ्याला हात लावलाय कधी? मी गेल्याच आठवड्यात लावला, ठेचा करत होतो, आणि मग बराच वेळ नळाखाली तोंड धरून उभा. डोळ्याला काय जीभ असते? साखरेचा हात लावा, डोळा गोड लागलं म्हणणार नाही. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मटणाच्या रश्श्यासारखी चव, ही १९०८ मध्ये जपानच्या किकुनाए इकेदांनी शोधली) यांच्यासाठी जिभेवर रुचिकलिका, म्हणजे चव ओळखणारे बारीक पेशीगट आहेत, पण मिरचीतलं कॅप्सेसिन (तिखटपणा आणणारं रसायन) चिकटतं ते टीआरपीव्ही१ नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे नसांवरच्या संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, आणि तो एरवी साधारण ४३ अंशांच्या वर काही गरम लागलं की बोंब मारणारा, त्यामुळे मेंदूला निरोप जातो की भाजलं! आपणही तोंडाची 'आग' झाली असंच म्हणतो ना. हा रिसेप्टर शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियसना २०२१ मध्ये नोबेल मिळालं.

षड्रसांना मी खोटं म्हटलेलंच नाही हो. आयुर्वेदाची ती सहा रसांची मांडणी पदार्थ अंगाला काय करतो हेही बघून केलेली, तिथे तिखट-तुरट बसतातच. फक्त 'कटु म्हणजे कारलं' हे तुमचं उलट झालंय, आयुर्वेदात कटु म्हणजे तिखट आणि कडूला तिक्त, मराठीत येईपर्यंत 'कटु'चा अर्थ बदलून 'कडू' झाला.

शाळेतला तो जिभेच्या टोकाला गोड, मागे कडूवाला नकाशा सोडून द्या, १९०१ च्या एका जर्मन निबंधातल्या किरकोळ फरकांचा पुढे विपर्यास झाला. टोकावर मीठ ठेवून बघा, खारट लागतंच.

नाक दाबलं की कांदा सफरचंदासारखा लागतो असं मी आधी लिहिलं होतं, ते मात्र जरा फेकलं, कबूल. वास जातो, पण झोंबायचं ते झोंबतंच, आणि ते झोंबणंसुद्धा चव नाही, मिरचीच्या आगीचंच भावंड.

आणि मिसळीवर ढसाढसा पाणी पिऊ नका, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, दूध-दही घ्या, त्यातलं केसिन ते ओढून नेतं. डोळ्यात गेलं तर मात्र पाणीच, दही नको.